लॅबच्या मशीनवर गिट अडलं तर

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे तीन-चार जण आणि एक रिपॉझिटरी (कोडचं सामायिक फोल्डर, ज्यातल्या बदलांचा इतिहास गिट हा प्रोग्राम ठेवतो). कोणी लॅबमधल्या विंडोजवर काम करतं, कोणी रूमवर उबुंटूवर, एखाद्याकडे मॅक असतो. गिटच्या बऱ्याच अडचणी या सरमिसळीतून येतात. त्यावर सर्रास केला जाणारा उपाय, म्हणजे फोल्डर डिलीट करून पुन्हा क्लोन (गिटहबसारख्या सर्व्हरवरची प्रत) घेणं, मूळ अडचणीपेक्षा जास्त नुकसान करतो. पुश न केलेले (सर्व्हरवर न पाठवलेले) कमिट म्हणजे नोंदवलेले बदल, स्टॅश म्हणजे बाजूला ठेवलेलं अर्धवट काम, रिफ्लॉग म्हणजे तुमच्या हालचालींची नोंद, हे सगळं त्या फोल्डरमधल्या ‘.गिट’मध्येच असतं आणि नव्या क्लोनमध्ये त्यातलं काहीच येत नाही. फोल्डर हटवायचंच असेल तर आधी त्याची पूर्ण कॉपी बाजूला ठेवा.

(इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. ‘हेड’ तेवढं कॅपिटलमध्ये.)

काहीही अडलं की पहिली कमांड ‘गिट स्टेटस’. तुम्ही कुठल्या ब्रँचवर (कामाच्या शाखेवर) आहात, मर्ज (दोन शाखा जोडणं) किंवा रिबेस (तुमचे कमिट दुसऱ्यांच्या कमिटवर पुन्हा रचणं) अर्धवट आहे का, हे ती सांगते. बाहेर पडायची कमांडही बहुतेक वेळा तिथेच छापलेली असते. ती न वाचता नेटवर सापडलेली ‘रिसेट --हार्ड’ चालवू नका, तिने कमिट न केलेले बदल पुसले जातात.

कमिट भलत्याच्या नावावर, पुशला ४०३

लॅबमध्ये एकच विंडोज अकाउंट अनेक जण वापरतात, त्यामुळे आधीच्या बॅचमधल्या कोणाचं तरी नाव ग्लोबल कॉन्फिगमध्ये (त्या अकाउंटवरच्या सगळ्या रिपॉझिटरींना लागू सेटिंगमध्ये) राहिलेलं असतं. ‘गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन युजर.ईमेल’ चालवली की ईमेल आणि तो कुठल्या फाइलमधून आला, दोन्ही दिसतं. दुरुस्ती रिपॉझिटरीपुरती करा, म्हणजे ‘--ग्लोबल’ न लावता नाव आणि ईमेल सेट करा. शेवटचा कमिट अजून पुश केला नसेल तर ‘गिट कमिट --अमेंड --रिसेट-ऑथर --नो-एडिट’ने त्यावरचं नाव बदलतं.

पुश करताना ४०३ (परवानगी नाही) आला आणि संदेशात दुसऱ्याच कोणाचं युजरनेम दिसलं, तर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल्स उघडा आणि गिटहबची नोंद काढून टाका. पुढच्या पुशला पुन्हा लॉगिन मागितलं जाईल. टर्मिनलमध्ये पासवर्ड विचारला तर अकाउंटचा पासवर्ड चालत नाही, ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने तो बंद केला आहे. तिथे टोकन (गिटहबच्या सेटिंग्जमध्ये बनवलेला, पासवर्डऐवजी द्यायचा कोड) द्यायचं. लॅबमधून निघताना तुमची नोंदही तशीच काढायची, नाहीतर पुढचा माणूस तुमच्या नावाने पुश करेल.

पुश रिजेक्ट झाला

याचा अर्थ बहुतेक वेळा तुमच्या आधी कोणीतरी त्याच ब्रँचवर पुश केलं आहे. फोर्स केलंत तर त्यांचं काम सर्व्हरवरच्या ब्रँचमधून नाहीसं होईल. आधी ‘गिट फेच’, मग ‘गिट लॉग हेड..ओरिजिन/मेन --वनलाइन’ने त्यांनी काय केलं ते पाहा. तुमचं काम कमिट करा, अर्धवट असेल तर ‘गिट स्टॅश -यू’ (‘-यू’शिवाय नव्या फाइल स्टॅशमध्ये जात नाहीत) आणि मग ‘गिट पुल --रिबेस’.

इथे कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांनी त्याच ओळी वेगवेगळ्या बदलल्या असल्या, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रिबेसमध्ये ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ उलटे होतात: ‘अवर्स’ म्हणजे सर्व्हरवरून आलेलं, ‘देअर्स’ म्हणजे तुमचं. एडिटरमधलं बटण घाईत दाबून स्वतःचंच काम उडवल्याचे प्रकार यातूनच होतात. ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ला ‘डिफ३’ सेट केलं की दोघांच्या बदलांच्या मधे मूळ ओळीही दिसतात, आणि कोणी काय बदललं ते ओळखणं फार सोपं होतं. सोडवून झाल्यावर ‘गिट डिफ --चेक’ने राहिलेल्या खुणा शोधा, ‘गिट अ‍ॅड’ आणि ‘गिट रिबेस --कंटिन्यू’. सुचेनासं झालं तर ‘गिट रिबेस --अबॉर्ट’ने होतं त्या जागी परत येता येतं.

कमिट गायब झाला

एकदा कमिट केलेलं काम सहसा हरवत नाही. ‘गिट रिफ्लॉग’मध्ये तुमचं हेड (तुम्ही ज्या कमिटवर आहात ती जागा) कुठेकुठे होतं याची यादी असते. त्यातला हॅश (कमिटची ओळख सांगणारा कोड) घेऊन ‘गिट ब्रँच वाचवलेलं <हॅश>’ केलं की काम हाती येतं. कुठल्याच ब्रँचला न जोडलेल्या नोंदी डिफॉल्टने ३० दिवस टिकतात, बाकीच्या ९०. कमिट नव्हतं पण ‘गिट अ‍ॅड’ झालं होतं, तर ‘गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड’ त्या फाइलींचा मजकूर ‘.गिट/लॉस्ट-फाउंड/अदर’मध्ये काढून देतं, पण नावाशिवाय. अ‍ॅडही केलं नव्हतं तर गिटकडे काहीच नाही. म्हणून जेवायला जातानाही कमिट करा. ओबडधोबड असला तरी चालेल.

मोठी फाइल, उघडी पडलेली एपीआय की

गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही. ती पुढच्या कमिटमध्ये डिलीट करून उपयोग नाही, कारण जुन्या कमिटमध्ये ती आहेच. तो कमिट अजून पुश झाला नसेल तर ‘गिट रिसेट --सॉफ्ट ओरिजिन/मेन’, मग ‘गिट रीस्टोअर --स्टेज्ड’ने फाइल बाहेर, नाव ‘.गिटइग्नोर’मध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) आणि नवा कमिट. एपीआय की (एखाद्या ऑनलाइन सेवेत शिरायचा गुप्त कोड) पुश झाली असेल तर आधी ती रद्द करून नवी घ्या. इतिहासाची सफाई त्यानंतर.

एक शब्द बदलला, सगळी फाइल लाल-हिरवी

विंडोज आणि लिनक्सच्या ओळी संपवण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्याचा हा परिणाम. रिपॉझिटरीतल्या ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘* टेक्स्ट=ऑटो’ लिहा, शेल स्क्रिप्टसाठी ‘ईओएल=एलएफ’ द्या. मग एकदाच ‘गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .’ आणि त्याचा स्वतंत्र कमिट.

मराठी नावांच्या फाइल

‘गिट स्टेटस’मध्ये मराठी नावाऐवजी ३४०, २४४ असे आकडे दिसतात, कारण गिट नावाचे बाइट ऑक्टलमध्ये (आठच्या पायावरच्या आकड्यांत) छापतं. फाइलला काही झालेलं नसतं. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ केलं की नाव नीट दिसतं.

खरी अडचण ‘शेतकऱ्यांची-यादी’सारख्या नावात आहे. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: कीबोर्डनुसार ‘ऱ’ वापरून, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, गिटला मात्र दोन वेगळ्या फाइल. शंका आली तर ‘गिट -सी कोअर.कोटपाथ=ट्रू एलएस-फाइल्स’ चालवून आकडे ताडून पाहा. ३४२, २००, २१५ हे तीन ओळीने आले तर ते जोडचिन्ह. ‘ऱ’ असेल तिथे ३४०, २४४, २६१ दिसतं. दोन्हींतला मजकूर एकत्र करून एक फाइल ‘गिट आरएम’ने काढा, उरलेलीला ‘गिट एमव्ही’ने रोमन नाव द्या. फाइलच्या आत मराठी कितीही असू दे, तिथे ही अडचण येत नाही.