सिंकखाली डिस्पोजर बसवताय? दोघातिघांच्या घरात या चुका टाळा

ओला कचरा सिंकमध्येच दळून जावा, डब्याला वास नको, चिलटं नकोत, म्हणून आम्ही फूड वेस्ट डिस्पोजर घ्यायचं ठरवलं. घरात माणसं दोन. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला, "किती एचपीचा घेऊ?" चूक तिथेच झाली. आधी ओट्याखाली वाकून पाहायला हवं होतं.

आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये सिंकला कड्याकड्यांचा, वाकणारा प्लास्टिकचा वेस्ट पाइप असतो आणि त्याचं टोक खाली नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या खळग्यात, नुसतं सोडलेलं असतं. खरकट्या पाण्याला एवढं पुरतं. डिस्पोजरमधून मात्र लगदा येतो. तो पाइपच्या प्रत्येक कडीत अडकतो आणि उरलेला ट्रॅपच्या तळाशी बसतो. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात नहाणीतून आंबट वास यायला लागला. प्लंबरने जाळी उचलली, तर खाली भात आणि चहाच्या चोथ्याचा बोटभर जाड करडा थर. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. मग आतून गुळगुळीत असलेला पीव्हीसी पाइप, पी-ट्रॅप (वास अडवणारं पाइपचं वळण), नीट उतार आणि सांडपाण्याच्या पाइपला थेट जोड, एवढं सगळं नव्याने करावं लागलं. हा खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच बजेट ठरवा.

पाइप बघतानाच दोन मापंही घ्या. बहुतेक डिस्पोजर साडेतीन इंची, म्हणजे साधारण ९० मिलिमीटरच्या भोकासाठी बनलेले असतात. तुमच्या सिंकचं भोक वेगळं असेल तर अ‍ॅडॅप्टर मिळतो का ते आधीच विचारा. दुसरं माप भिंतीतल्या पाइपच्या उंचीचं. यंत्र सिंकखाली लटकतं, त्यामुळे त्याचं पाणी बाहेर सोडणारं तोंड बरंच खाली येतं. भिंतीतला पाइप त्याहून वर असेल तर घाण पाणी यंत्रातच तुंबून राहतं.

सेप्टिक टाकी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. टाकीत गाळ लवकर भरतो आणि उपसा वारंवार करावा लागतो. सोसायटीत खतखड्डा चालू असेल तर सालं-देठं तिथेच जाऊ द्या, ती मातीच्या कामाची आहेत. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागत असतील तर पाण्याचाही विचार करा, कारण हे यंत्र नळ बंद ठेवून चालवायचं नसतं. न्यूयॉर्क शहराच्या बऱ्याच भागात जुन्या सांडपाणी वाहिन्यांच्या काळजीपोटी डिस्पोजरवर कित्येक वर्षं बंदी होती, ती १९९७ मध्ये उठली. एवढ्या मोठ्या शहराला जी धास्ती होती, ती आपल्या इमारतीच्या जुन्या पाइपांबद्दल आपल्यालाही असायला हवी.

आता एचपी. दोघातिघांना अर्धा एचपी, म्हणजे सुमारे ३७० वॉट, पुरतो. वरचे पैसे स्टीलच्या दळणाऱ्या भागांवर आणि आवाज कमी करणाऱ्या आवरणावर घाला. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवू नका; तिकडची यंत्रं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असतात. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळेल, पण विजेची वारंवारता, म्हणजे हर्ट्झ, जुळणार नाहीत.

मिक्सरसारखी पाती आत असतील असं मलाही वाटायचं. तसं नसतं. एक चकती गरगर फिरते, तिच्यावरचे सैल दाते अन्न कडेच्या खरखरीत कड्यावर आपटतात आणि तिथे त्याचा चुरा होतो. म्हणून तंतू असलेलं काहीही कापलं न जाता गुंडाळलं जातं: शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याची सालं, केळीची सालं, कांद्याची पातळ सालं. आंब्याची कोय आणि करवंटी तर नकोच. तूप-तेलही ओतू नका, ते पाइपमध्ये थिजतं. याच कारणाने दळताना गरम पाणी सोडू नका; त्याने तूप-तेल वितळतं आणि पुढे पाइपमध्ये जाऊन थिजतं. आधी गार पाण्याचा नळ, मग बटण, मग थोडं थोडं खरकटं. दळण्याचा आवाज थांबला की आणखी १५-२० सेकंद पाणी वाहू द्या.

यंत्र नुसतं घुंऽऽ करून फिरत नसेल तर चकती अडकली आहे. बटण बंद करा, प्लग काढा. बऱ्याच यंत्रांच्या बुडाला मधोमध षटकोनी खाच असते. त्यात अ‍ॅलन की (षटकोनी दांड्याची किल्ली) घालून पुढे-मागे फिरवा, अडकलेलं चिमट्याने काढा. हात आत कधीच घालू नका. आवाजच येत नसेल तर बुडाचं लाल रीसेट बटण दाबून पाहा. गळती वरून असेल तर सिंकच्या जोडाची पुट्टी नव्याने भरता येते. बुडातून पाणी येत असेल तर आतलं सील गेलेलं असतं, आणि तेव्हा बहुधा यंत्रच बदलावं लागतं.

वास येत असला तर अ‍ॅसिड किंवा ड्रेन क्लीनर ओतू नका. प्लग काढा आणि तोंडावरची रबरी झडप उलटून बघा. तिच्या खालच्या बाजूला बुळबुळीत थर साचलेला असतो, तो जुन्या टूथब्रशने आणि भांड्यांच्या साबणाने घासा. आमच्याकडे हे दर रविवारी होतं, आणि अ‍ॅलन की ओट्याखालच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावून ठेवलेली आहे.