गेमसाठी आवाज घरच्या घरी कसे तयार करावेत

चित्रपटातला दरवाजा एकदाच करकरतो. गेममधला दरवाजा मात्र खेळणारा जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा करकरतो. म्हणून गेमचा आवाज अगदी खरा वाटण्यापेक्षा तो शंभराव्यांदा ऐकूनही डोक्यात न जाणं महत्त्वाचं. साधा मोबाइल, घरातल्या वस्तू आणि ऑडॅसिटीसारखं आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर हे जमतं.

सुरुवात यादीपासून करा. गेम खेळतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ आवाज बंद करून बघा आणि जिथे जिथे काहीतरी ऐकू यायला हवं असं वाटेल तिथे तोंडानेच ‘धप्’, ‘खण्ण’, ‘फुस्स’ करा. हसू येईल, पण हे रेकॉर्ड करून ठेवा. कोणता आवाज किती लांब हवा, हे त्यावरून लगेच कळतं.

मग खोली शोधा. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट उत्तम, कारण कपडे प्रतिध्वनी गिळतात. पंखा बंद करा, फ्रिजही थोडा वेळ बंद ठेवा. (मी एकदा पावलांचे चाळीस तुकडे रेकॉर्ड केले आणि सगळ्यांत फ्रिजची घरघर निघाली.) पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजवरच ठेवा.

आता खरी गंमत. वस्तूचा आवाज त्याच वस्तूतून काढायला हवा असं मुळीच नाही. चित्रपटांत ही कला जॅक फोली (१८९१–१९६७) यांच्या नावाने ‘फोली’ म्हणून ओळखली जाते आणि तिचा सगळा डोलारा कानाला फसवण्यावर उभा आहे. बर्फातली पावलं हवी असतील तर कॉर्नफ्लोअर कापडी पिशवीत भरून मुठीने दाबा. तो करकर दाबला जाणारा आवाज बर्फाचाच वाटतो. हाड मोडायचं असेल तर ओल्या फडक्यात गाजर गुंडाळून पिरगाळा. पक्ष्याच्या पंखांसाठी चामड्याचे हातमोजे एकमेकांवर फडफडवा, घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आपटा. तलवार म्यानातून निघते तेव्हाचा आवाज उलथनं तव्याच्या कडेवरून ओढून मिळतो. एकच वस्तू हळू, जोरात, ओली, कोरडी अशी वापरून बघा. चांगला आवाज बऱ्याचदा चुकून हातातून काही निसटतं तेव्हा सापडतो.

रेकॉर्डिंग करताना मोबाइल वस्तूपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, जरासा तिरका ठेवा. ॲपमधलं आवाज ‘स्वच्छ’ करणारं सेटिंग बंद करा. ते माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं आणि तुमची कुरकुर गोंगाट समजून खाऊन टाकतं. पातळी दाखवणारी पट्टी लाल होऊ देऊ नका. आवाज फाटला की तो दुरुस्त होत नाही, हळू आलेला मात्र वाढवता येतो. प्रत्येक आवाज दहा-बारा वेळा करा आणि शेवटी काही सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. मागची घरघर काढताना सॉफ्टवेअरला तोच नमुना लागतो.

संपादनात सर्वांत आधी सुरुवातीची शांतता कापा. सेकंदाला ६० फ्रेम (म्हणजे पडद्यावरची चित्रं) चालणाऱ्या गेममध्ये ५० मिलिसेकंदांची शांतता म्हणजे तीन फ्रेमचा उशीर. खेळणाऱ्याला बटणच अडकल्यासारखं वाटतं. तुकड्याच्या शेवटी छोटा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू शून्यावर आणा, नाहीतर ‘टक्’ ऐकू येतं. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली जातो आणि दुप्पट लांबतो. अशाने कागदाचा चोळामोळा दगड कोसळल्यासारखा ऐकू येतो. स्फोटासारखे मोठे आवाज थरांनी बांधा: सुरुवातीला तीक्ष्ण तडाखा, मधे जाड गडगडाट, शेवटी विरत जाणारी शेपटी. नुसत्या गडगडाटावर भिस्त ठेवू नका, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्जातला आवाज जवळजवळ येतच नाही. तिथे स्फोट ऐकू जातो तो त्या तडाख्यामुळे.

पाऊस, वारा किंवा यंत्राची धडधड सलग चालू ठेवायची असेल तर एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतात, त्याला लूप म्हणतात. त्यासाठी एक युक्ती आहे. तुकडा मधोमध कापा आणि दुसरा भाग आधी, पहिला नंतर असा लावा. आता फाइलचा शेवट आणि सुरुवात मूळ ध्वनीत सलग असलेल्या जागीच भेटतात, त्यामुळे तिथे सांधा जाणवत नाही. सांधा येतो तो मधे, आणि दोन्ही भाग थोडे एकमेकांवर सरकवून क्रॉसफेड केला (एक विरत असताना दुसरा चढवला) की तोही झाकला जातो. असे लूप एमपी३मध्ये साठवू नका. त्या स्वरूपात फाइलच्या टोकांना बारीक शांतता जोडली जाते आणि दर फेरीला उचकी लागते. वेव्ह (WAV) किंवा ऑग (OGG) स्वरूप वापरा.

पावलं, वार, गोळी अशा सतत वाजणाऱ्या गोष्टींचे चार-पाच वेगवेगळे नमुने ठेवा. गेम इंजिनमध्ये (ज्या सॉफ्टवेअरमध्ये गेम बनवता त्यात) त्यांची निवड यादृच्छिक करा, तोच नमुना लागोपाठ येणार नाही असं बघा आणि पिच (स्वराची उंची) दर वेळी मूळच्या ०.९५ ते १.०५ पट यांमध्ये हलू द्या. ज्या आवाजांची दिशा गेममध्ये कळायला हवी, ते मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा नसलेले, एकाच चॅनेलचे ठेवा.

सगळं बसवून झालं की अर्धा तास स्वतः खेळा, हेडफोन लावून आणि मग मोबाइलच्या स्पीकरवर. जो आवाज आला की भुवई वर जाते, तो लिहून ठेवा. बहुतेक वेळा तो स्फोट नसतो, मेन्यूच्या बटणाची ‘टिक्’ असते. तिचा आवाज निम्म्याने कमी करा.