नागपूरच्या थंडीत कोठा आणि पाहुणे, दोन्ही सांभाळायचे तर

काटोल रोडनं कळमेश्वर मागे टाकलं की पुढे आमचं शेत लागतं. पाहुण्यांसाठी चार खोल्या, मागे कोठा, कोठ्यात गवळाऊ गाई, बेरारी शेळ्या आणि शेजारी गावठी कोंबड्यांचं खुराडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाहुण्यांचा मोसम. हल्ली आसपासचे बरेच जण शेतावर खोल्या बांधतात आणि पहिला हिवाळा आला की विचारतात, ताई, तयारी काय करायची? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

विदर्भ म्हणजे नुसतं ऊन, असं बाहेरच्यांना वाटतं. पण २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि उघड्या शेतावर शहराहून थोडं कमीच धरायचं. दुपारी मात्र चांगलं ऊन पडतं. म्हणून माझं मत असं की इथे जनावर थंडीनं कमी आणि ओलीनं, कोंडलेल्या हवेनं जास्त आजारी पडतं. खोल्यांचंही तेच.

कोठ्यापासून सुरुवात करा. वारा उत्तरेकडून येतो, तेवढीच बाजू झाका. बारदान शिवून पडदा करा, प्लॅस्टिकची ताडपत्री नको. तिला आतून रात्रभर पाणी सुटतं आणि पहाटे तेच जनावरांच्या पाठीवर टपकतं. पडदा छतापर्यंत नेऊ नका, वर हातभर जागा मोकळी ठेवा. बरोबर जमलं की नाही हे बघायचं असेल तर सकाळी पडदे उघडण्याआधी कोठ्यात जा आणि शेळीच्या नाकाच्या उंचीवर खाली बसा. उभ्यानं काही कळत नाही. बसल्यावर डोळे चुरचुरले, मुताचा वास नाकात गेला, तर हवा कोंडते आहे. शेळ्यांचा खोकला तिथूनच सुरू होतो. खाली कुटार म्हणजे भुसा किंवा धानाचं तणस पसरा आणि ओलं झालेलं रोज काढा. हे काम टाळलं तर बाकीचं सगळं वाया.

रात्रीच्या वैरणीत कडबा, कुटार वाढवा. कोरडा चारा पोटात मुरताना ऊब धरतो, जनावर रात्र नीट काढतं. ढेप म्हणजे पेंड सकाळी. हिरवा लसूणघास किंवा बरसीम दव वाळल्यावरच टाका, ओला खाल्ला की पोट फुगतं. पाणी टाक्यातलं शिळं नको. बोअरचं ताजं पाणी पहाटे कोमट येतं, तेच पाजा. गार पाण्याला गाय तोंड लावते आणि मागे सरते, मग दूध घटतं.

डिसेंबर-जानेवारीत शेळ्या व्यायल्या तर पहिला तास फार मोलाचा. पिल्लू कोरड्या सुती कापडानं पुसा, नाळेला टिंक्चर आयोडिन लावा, तासाभरात चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पोटात जाऊ द्या. मलूल पिल्लाच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागलं तर घाईनं दूध पाजू नका, ते त्याला पचत नाही. आधी पोत्यात गुंडाळून, उन्हात किंवा बल्बखाली तोंड गरम होईपर्यंत ऊब द्या, मग चीक. बल्ब तारेनं पक्का बांधा. तणसावर पडला तर कोठा जळेल. तरीही पिल्लू उभं राहत नसेल तर थांबू नका. १९६२ या क्रमांकावर जनावरांचा फिरता दवाखाना मिळतो, आणि गाडीत घालून नेता येण्यासारखं असेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

कोंबड्यांचं थोडक्यात. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा आणि अंड्यावरच्या कोंबडीला उजेड हवा १४ ते १६ तास. दिवा पहाटे लावा, संध्याकाळी नको. संध्याकाळचा दिवा विझून एकदम अंधार झाला तर त्यांना दांडीवर चढता येत नाही.

आता पाहुणे. त्यांना जनावरांजवळ जाऊ द्यायचंच, त्यासाठी तर ते शहरातून येतात. पण काय खाऊ घालायचं हे तुमच्या हातात ठेवा. उरलेला भात, पोळ्या, हुरडा प्रेमानं घमेलंभर घालतात आणि रात्री शेळी आडवी होते. आमचे सालदार काका कोठ्याच्या दारातच उभे राहतात: "पोरायले सांगा ताई, पोळी देऊ नोका, पोट फुगंन तिचं." आम्ही गाजराचे तुकडे आणि निवडलेल्या पाल्याची टोपली दारात ठेवतो, मुलांनी त्यातलंच उचलायचं. एक गोष्ट आवर्जून सांगा. हुरड्यासाठी कणसं कापलेल्या ज्वारीला खालून कोवळे फुटवे येतात. हिरवेगार दिसतात म्हणून मुलं तोडून गाईला द्यायला धावतात. ते फुटवे विषारी असतात, जनावर तासाभरात जाऊ शकतं. त्या तुकड्याला काटेरी फांद्यांचं कुंपण घाला.

खोल्यांच्या खिडक्या अकरा ते चार सताड उघड्या, ऊन आत येऊ द्या, मग बंद. गाद्या-रजया रोज उन्हात. रात्री कुणी कितीही गळ घातली तरी पेटती शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं खोलीत देऊ नका. बंद खोलीत कोळशाच्या वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. शेकोटी अंगणातच, आणि झोपायला जाताना तिच्यावर पाणी. एक जास्तीची रजई आणि रबरी पिशवीत गरम पाणी दिलं की कुणाची तक्रार राहत नाही.

अंघोळीचं पाणी चुलीवर गंजात म्हणजे मोठ्या पातेल्यात तापतं, त्याला मागच्या वर्षीच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या लागतात. यंदाच्या ओलसर तुराट्या नुसता धूर करतात. म्हणून इंधन उन्हाळ्यातच छपराखाली रचून ठेवा, आणि ओढताना काठीनं आधी हलवा, ढिगाऱ्यात घोणस बसलेली असते. पाहुण्यांना सांगून टाका, गरम पाणी आठनंतर. पहाटे चूल चहाची आणि गाईंच्या भरड्याची असते.

जेवणाला सोलेभात, हिरव्या वांग्याचं भरीत, पाटोडी रस्सा. हुरड्यावर पाणी न देता ताक द्या. याहून जास्त पदार्थ नकोत, स्वयंपाकघरात अडकलं की कोठ्याकडे दुर्लक्ष होतं.

संक्रांतीनंतर पडदे एकदम काढू नका. आधी गाईंकडचे, दिवसा गुंडाळून रात्री सोडायचे. पिल्लांकडचा पडदा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राहू द्या. मग बारदान धुऊन, कडक वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून माळ्यावर टाका.