चुकीचे पर्याय एआयकडून घ्या, पण गैरसमजांवरून

विज्ञानाचे बहुपर्यायी प्रश्न काढताना अडतं ते चुकीच्या तीन पर्यायांपाशी. ते ओढूनताणून घातले की विषय न समजलेली मुलंही बरोबर उत्तरावर खूण करतात.

चॅटजीपीटी, जेमिनाय किंवा तुम्ही वापरता त्या साधनाला नुसतं ‘प्रश्न दे’ म्हणू नका. असं करा:

१. आधी विचारा, ‘ऋतू का बदलतात, याबद्दल सातवीच्या मुलांचे नेहमीचे गैरसमज कोणते?’
२. त्यांतले तुमच्या वर्गात खरोखर ऐकू येणारे तीन निवडा. ही निवड तुम्हीच करा. तुमची मुलं कुठे अडखळतात हे त्या साधनाला ठाऊक नसतं.
३. मग सांगा, ‘प्रत्येक गैरसमजावरून एक पर्याय तयार कर. तो निवडणाऱ्या मुलाला पुढे काय विचारावं, तेही लिही.’

खरा फायदा तिसऱ्या पायरीत आहे. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते’ हा पर्याय कुणी निवडला, तर लगेच विचारता येतं: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, मग तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा कसा? शिवाय कोणाचा घोळ नेमका कुठे आहे, हे पेपर तपासतानाच कळतं.

एक मात्र सांभाळा. वर्गात देण्याआधी प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून पाहा. कधी दोन पर्याय बरोबर निघतात, कधी एककं चुकतात, आणि चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे लिहिलेलं असतं.