जर्मन येत नसताना जर्मनीत मिस्सेला कसे जावे

वसईहून जर्मनीत आलेल्या माणसाला पहिला रविवार जड जातो. गावी मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली सामूहिक उपासना, मराठीतून, गाणी तोंडपाठ, मागच्या-पुढच्या बाकांवर आपलीच माणसे. इथे 'आमेन' आणि 'आलेलुया' सोडले तर कानाला ओळखीचे काही लागत नाही. माझ्या ओळखीतले काही जण 'आधी भाषा शिकू, मग जाऊ' म्हणत कित्येक महिने चर्चला गेलेच नाहीत. तसे थांबू नका. मिस्सेचा क्रम तोच आहे आणि तो तुम्हाला लहानपणापासून येतो.

शनिवारी करायची तयारी

आधी वेळापत्रक नीट वाचा. 'कॅथोलिश' म्हणजे आपले, 'एव्हांगेलिश' म्हणजे प्रोटेस्टंट. गावाच्या वेशीवर उपासनेच्या वेळांची पाटी असते. तिच्यावर पिवळे चर्च असेल तर ते कॅथलिक, जांभळे असेल तर प्रोटेस्टंट. वेळेपुढे 'हायलिगे मेसे' किंवा 'ऑयखारिस्टीफायर' लिहिलेले हवे. 'वोर्ट-गोटेस-फायर' असेल तर ती मिस्सा नव्हे. फादर कमी असल्यामुळे काही ठिकाणी रविवारी फक्त वाचने आणि प्रार्थना होतात, आणि नवखा माणूस इथेच फसतो. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते.

मग त्या रविवारची वाचने मराठी बायबलमधून वाचून कागदावर उतरवून ठेवा. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच सर्वांत मोलाची. वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते: ज्या सालाला तीनने पूर्ण भाग जातो ते क वर्ष, त्याच्या पुढचे अ, मग ब. म्हणजे 2025 क आणि 2026 अ. मात्र हे वर्ष जानेवारीत बदलत नाही, आधीच्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून, सुरू होते. वसईत आई जे शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातले वाचन) ऐकते तेच तुम्ही इथे ऐकता. काही सणांना फरक पडतो. प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण भारतात रविवारी होतो, इथे गुरुवारीच, आणि त्या दिवशी सुट्टी असते.

चर्चमध्ये शिरल्यावर

दहा मिनिटे आधी पोहोचा. चपला-बूट काढायचे नाहीत, पुरुषांनी टोपी काढायची. पहिल्या बाकावर बसू नका. मधे किंवा मागे बसलात की कधी उभे राहायचे, कधी गुडघे टेकायचे, ते समोरच्यांकडे पाहून कळते.

दाराजवळच्या कपाटात 'गोटेसलोप' नावाचे जाडजूड पुस्तक असते. गाणी आणि मिस्सेतली प्रतिवचने, म्हणजे लोकांनी फादरांना द्यायची उत्तरे, त्यात छापलेली आहेत. भिंतीवरच्या फलकावर आकडे दिसतात. पहिला आकडा गाण्याचा, स्वल्पविरामानंतरचे कडव्यांचे. तो पानाचा आकडा नव्हे! पहिल्या रविवारी मी पान शोधत बसलो होतो. शेजारच्या आजींनी काही न बोलता माझ्या हातातले पुस्तक बरोबर गाण्यावर उघडून दिले. उच्चार चुकले तरी चालतील, अक्षरांवर बोट ठेवून गा. 380 क्रमांकाचे 'ग्रोसर गोट' हे स्तुतिगीत सणासुदीला हमखास कानावर येते, ते आधी शिका.

मिस्सा चालू असताना

सुरुवातीला दोनच उत्तरे पाठ करा. फादर 'डेर हेर जाय मिट ऑयख' म्हणाले की 'उंट मिट डाइनेम गाइस्टे'. वाचनानंतर 'डांक जाय गोट'. शुभवर्तमानाआधी कपाळावर, ओठांवर, छातीवर क्रूसाची खूण करतो ती इथेही तशीच.

प्रवचन कळणार नाही. त्या वेळात वाचन उतरवलेला कागद पुन्हा वाचा. मोबाईल काढू नका, त्याचा उजेड शेजाऱ्यांना खुपतो. 'फाटर उन्झर' सुरू झाली की 'हे आमच्या स्वर्गातील बापा' हळू आवाजात मराठीतच म्हणा. शब्द जर्मनच हवेत असा आग्रह मी कधी धरला नाही, कारण ती प्रार्थना आईने शिकवलेल्या भाषेतच माझ्या मनातून निघते.

एकमेकांना शांती देण्याच्या वेळी आपण हात जोडतो, इथे हस्तांदोलन करतात. ख्रिस्तशरीर, म्हणजे फादर देतात ती पवित्र भाकर, बहुतेक जण हातावर घेतात: डावा तळहात उजव्यावर, 'डेर लाइप क्रिस्टी' ऐकले की 'आमेन', आणि तिथेच मुखात. जिभेवर घ्यायची सवय असेल तर तेही चालते. सोबत ख्रिस्ती नसलेला मित्र आला असेल तर त्याने त्या वेळी जागेवर शांत बसावे, कोणी वावगे मानत नाही.

त्यानंतर

पुस्तक कपाटात परत ठेवा आणि दाराशी फादरांना भेटून आपले नाव, गाव सांगा. मोठ्या शहरांत इंग्रजी मिस्सा कुठे असते तेही विचारा.

शहराच्या कार्यालयात नावनोंदणी करताना धर्म विचारतात. 'रोमन कॅथलिक' लिहिले की चर्च-कर लागतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या 8 टक्के, इतर राज्यांत 9 टक्के. हे टक्के पगाराचे नव्हेत, भरलेल्या आयकराचे. कर वाचवायला धर्म लपवण्याचा सल्ला मिळेल. मी खरे तेच लिहिले आणि तुम्हीही खरेच लिहा.