मागणीमागची गरज विचारा : सहकाऱ्यांशी वाटाघाटी कशा कराव्यात

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा तुटला की देणारा आणि घेणारा आपापल्या वाटेने जातात. कारखान्यात मात्र ज्याच्याशी आज तारखेवरून हुज्जत घातली, त्याच्याच टेबलावर उद्या सहीसाठी जावे लागते. त्यामुळे घासाघीस करून मिळवलेला विजय तेथे फार महागात पडतो.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी उत्पादन नियोजन पाहत असताना डिस्पॅच विभागाला (माल पाठवणाऱ्यांना) 400 कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, शनिवारीच हवी होती आणि तपासणी विभाग मंगळवारच्या आत ती सोडायला तयार नव्हता. मी मध्यम मार्ग म्हणून सोमवार सुचवला आणि दोघांचाही रोष ओढवून घेतला, कारण सोमवारी ग्राहकाची लाइनही थांबली असती आणि तपासणीही अर्धवट राहिली असती. मग डिस्पॅचच्या माणसाला विचारले, “दादा, शनिवारी नाही गेलं तर नेमकं कुठं अडतंय?” तेव्हा कळले की पुण्याच्या ग्राहकाला सोमवारच्या पहिल्या पाळीला 150 नगच लागणार होते. तपासणीची अडचण एवढीच होती की ब्रिनेल हार्डनेस, म्हणजे धातूचा कठीणपणा, मोजण्याचे यंत्र एकच होते. 150 नग शनिवारी गाडीत चढले, उरलेले 250 मंगळवारी गेले.

येथे “का?” असे थेट विचारले नाही, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडच्या रांगड्या सुरात तो शब्द जाब विचारल्यासारखा लागतो, “कुठं अडतंय?” म्हटले की माणूस अडचण सांगू लागतो.

अमेरिकन व्यवस्थापन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी 1925 मध्ये हेच ग्रंथालयातील खिडकीच्या उदाहरणाने मांडले होते. एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. शेवटी शेजारच्या खोलीची खिडकी उघडली, कारण त्याला हवा हवी होती आणि त्यांना फक्त अंगावर थेट येणारा वारा नको होता. प्रत्येक मतभेद असा सुटत नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे.

म्हणून बैठकीपूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : मला काय हवे, ते कशासाठी हवे आणि जमले नाही तर मी काय करणार. तिसरी गोष्ट बहुतेक जण टाळतात आणि मग दडपणाखाली कशालाही मान डोलावतात. सोबत रिजेक्शनचे (नापास मालाचे) रजिस्टर ठेवावे, म्हणजे वाद माणसावर न जाता आकड्यांवर राहतो. उठण्यापूर्वी कोण, किती आणि केव्हा हे लिहून मोठ्याने वाचावे.

सराव रजेच्या तक्त्यापासून करावा. जोतिबाच्या चैत्र यात्रेला सगळ्यांनाच रजा हवी असते. पण एकाला सासनकाठीबरोबर पहाटे निघायचे असते, तर दुसऱ्याला पाहुण्यांसाठी फक्त संध्याकाळ मोकळी हवी असते, आणि हे विचारल्याशिवाय तक्त्यात दिसत नाही.