ट्रेल रिज रोडला निघण्याआधी

कोलोरॅडोच्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला ट्रेल रिज रोड एस्टिस पार्क गावापासून ग्रँड लेक गावापर्यंत असा जेमतेम ७७ किलोमीटरचा. पण तो चढतो ३,७१३ मीटरपर्यंत, तेव्हा सगळी तयारी या उंचीच्या हिशेबानेच करा. डेन्व्हरला उतरून त्याच दिवशी वर जायची घाई नको. एस्टिस पार्कला एक रात्र काढा, भरपूर पाणी प्या. वर डोकं ठणकायला लागलं किंवा मळमळलं, तर गाडी खाली वळवायची. फोटो राहिले तर राहिले.

रस्ता साधारण मेअखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यावर बर्फामुळे बंद होतो. मधल्या काळातही एखाद्या वादळाने अडवला जातो, म्हणून निघायच्या सकाळी पार्कच्या संकेतस्थळावर खात्री करा. अलीकडे उन्हाळ्यात प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी लागते. यंदाचा नियम पाहून ते उरका आणि पास, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण वर रेंजचा भरवसा नाही. पार्कमध्ये पेट्रोल पंपही नाही, टाकी गावातच फुल करा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वेळ. सकाळी लवकर निघा. उन्हाळ्यात दुपारी ढग भरून येतात आणि झाडांची हद्द संपल्यावर विजेपासून आडोसा कसलाच नसतो. गडगडाट ऐकू आला की पायवाट अर्धी टाकून गाडीत बसायचं. जुलै असला तरी लोकरी टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट मागच्या सीटवर हाताशी ठेवा. ऊनही वर जास्त भाजतं. सनस्क्रीनची बाटली मात्र जपून उघडा, हवेचा दाब कमी असल्याने झाकण काढताच क्रीम भसकन बाहेर येतं. चिप्सची पाकिटंही टम्म फुगतात.

ब्रेक आधीच तपासून घ्या. उतारावर लो गिअर टाका, सारखा ब्रेक दाबून तो तापवू नका. बऱ्याच ठिकाणी कडेला कठडा नाही. ज्याला दरीची भीती वाटते त्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नका.

रॉक कट या वरच्या थांब्यावर नक्की थांबा, पण पक्क्या वाटेवरूनच चाला. तिथली बोटभर उंचीची रोपं पायाखाली चिरडली तर पुन्हा उगवायला वर्षानुवर्षं लागतात. दुर्बीण डिकीत टाकू नका, पुढेच ठेवा: एल्क या मोठ्या हरणापासून २३ मीटर आणि मूस (त्याहून मोठं हरीण) किंवा अस्वलापासून ३७ मीटर लांब राहायचा नियम आहे.